हत्ती फुकट नव्हता, मामा

आदरणीय मामा,

सविनय जयभीम.

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी सकाळी मी वंदना आटोपली आणि तुमच्या कपाटातून आपल्या डावांचं रजिस्टर काढलं. नंदाच आदल्या दिवशी म्हणाली होती, "बाबांच्या वर्षाच्या कार्यक्रमाला फोटोपुढे त्यांचा पट मांडून ठेवा. शेवटचा डाव जिथे थांबला ना, तस्साच." मला ते फार आवडलं. फुलं काय, सगळेच ठेवतात.

त्या सकाळी मी जे पाहिलं त्यातून अजून सावरलो नाही. म्हणून हे पत्र लिहितोय. आपण तीन वर्षं एका घरात राहिलो, त्यामुळे तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. आणि जे समोर बसून सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही. तुमची मुलगी मला वीस वर्षांपूर्वी दिलीत, शेवटची वर्षं माझ्या घरात काढलीत, आणि तुमच्याशी मी काय केलं ते तुम्हाला न कळताच तुम्ही गेलात!

रजिस्टरची पानं उलटताना तुमचं अक्षर बघत होतो. स्टेशन मास्तरकीची सवय, दुसरं काय! तारीख, वेळ, कोणी काय खेळलं, दोघांच्या सह्या. सकाळी तुम्ही एक खेळी करायची, मी ऑफिसला निघण्यापूर्वी उत्तर द्यायचं, संध्याकाळी पुन्हा एकेक. एक डाव पंधरा-वीस दिवस चालायचा. सही झाली की खेळी परत घ्यायची नाही, हा तुमचा नियम. "लाइन क्लिअर देल्ला म्हंजे देल्ला," म्हणायचात. "गाडी सुटल्यावर तिले मांगं बोलावता येते का, जवाईबापू?"

सगळ्या रजिस्टरात खाडाखोड एकाच ठिकाणी आहे, शेवटच्या पानावर. तुमची हत्तीची खेळी, तिच्यावर तुमच्याच पेनाची आडवी रेघ आणि रेघेखाली तुमची सही. ती रेघ मी तुम्हाला मारायला लावली होती.

मी पट मांडला. एखादी सोंगटी चुकीच्या घरात तर नाही ना, हे बघायला मोबाइलमधल्या बुद्धिबळाच्या प्रोग्राममध्येही तीच मांडणी भरली. हो मामा, माझ्या मोबाइलमध्ये तसला प्रोग्राम आहे. त्याबद्दल पुढे सांगतोच. आधी ती सकाळ पुरी करू द्या.

त्या प्रोग्राममध्ये पटाच्या कडेला एक उभी पट्टी असते. पांढरी बाजू वरचढ असेल तर पांढरा रंग चढतो, काळी असेल तर काळा. तुम्ही पांढरे होतात. तुमची ती हत्तीची खेळी केली आणि पट्टी क्षणात काळी झाली, जवळजवळ पूर्ण. मागच्या वेळी झाली होती तशीच. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, हाच तो डाव.

तेवढ्यात खालून शेजारच्या भैयांनी हाक मारली. त्यांची गाडी सुरू होईना, धक्का द्यायचा होता. मोबाइल तुमच्या फोटोपाशी तसाच चालू ठेवून मी खाली गेलो. गाडी काही चौकापर्यंत सुरू झाली नाही, मग मेकॅनिक, मग चहा. वर आलो तेव्हा पाऊण तास झाला असेल.

पट्टी पांढरी होती.

मला वाटलं, प्रज्ञाने हात लावला. तिला विचारलं, ती अजून अंथरुणातच. मी पुन्हा बघितलं. सगळी पट्टी पांढरी! खाली आकडा होता, पांढऱ्याकडून चौदा खेळींत मात. आणि पहिली खेळी कुठली दाखवत होता तो प्रोग्राम? काळ्याने हत्ती मारला की पांढऱ्याने राजा एक घर कोपऱ्यात सरकवायचा.

राजा सरकवायचा! मी खाली फरशीवर बसलो. हे शब्द मी आधी ऐकले होते. तुमच्या तोंडून, ह्याच पटापाशी.

प्रज्ञा डोळे चोळत आली. तुमची नात तुम्हाला माहीतच आहे, मराठी अर्धी आणि हिंदी अर्धी. म्हणाली, "क्या हुआ पप्पा? खाली का बसले?"

मी मोबाइल दाखवला. "हे आधी काळं होतं. आता पांढरं कसं झालं?"

"अरे, इंजिन असंच असतं ना. दोन सेकंदात जे सांगतं ते ऊपर-ऊपरचं. जितकं चालू ठेवाल तितकं आत जातं. कधी कधी पूरा पलटतं." मग तिने सेटिंग उघडली आणि हसली. "तुम्ही तर फटाफटवर ठेवलंय! मतलब त्याला सोचायला टाइमच नाही दिला. आत्ता थांबवलं नाही म्हणून एवढं गेलं." मग पटाकडे बघून म्हणाली, "हा आजोबांचा डाव है ना? तुम्ही आत्ता टाकला का ह्यात?"

"हो, आत्ताच टाकला," मी म्हणालो.

पंचशील म्हणून मला दोन तासही झाले नव्हते. खोटं बोलणार नाही, हे मी रोज सकाळी म्हणतो, गावच्या शाळेत होतो तेव्हापासून. आणि त्याच खोलीत, तुमच्या फोटोसमोर, पोरीशी खोटं बोललो.

आता सगळं सांगतो.

मामी गेल्यावर तुम्ही आमच्याकडे जयपूरला आलात, तेव्हा माझी एकच काळजी होती. ह्या माणसाचा वेळ कसा जाणार? तुम्ही ट्रंकेतून कपड्यांच्या आधी पट काढलात. मग रोजचे डाव सुरू झाले आणि रोजचं माझं हरणं. लग्नाआधी बघायला आलो होतो तेव्हाही तुम्ही मला हरवलं होतंत, आठवतं? पोहे खाता खाता! म्हणाला होतात, "खेळता येत नाही, पण हरून हासते. पोरगी द्याले हरकत नाही."

मी खरंच हसून हरायचो, मामा. वर्षानुवर्षं. पण एका संध्याकाळी माझ्या रेल्वे ऑफिसातले दोघं घरी आले होते, आणि त्यांच्यासमोर तुम्ही म्हणालात, "जवाईबापू, पोरगी देल्ली, आता डावबी देऊ का?" सगळे खो-खो हसले. मीही हसलो. पण ते मला लागलं. इतकी साधी चेष्टा, इतकी जुनी, ती का लागावी? पन्नाशीला आलेल्या माणसाला?

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्याच एकाने माझ्या मोबाइलमध्ये तो प्रोग्राम टाकून दिला. त्याला इंजिन म्हणतात हे ऐकून मला गंमत वाटली होती. मी ठरवलं, एकदाच. एक डाव जिंकायचा, मग तुम्हाला मोबाइल दाखवून हसायचं. तुम्हीही शिव्या देऊन हसला असतात.

तो डाव मी जिंकलो. आणि तुम्ही काय केलंत? उठून मला मिठी मारलीत! नंदाला हाक मारलीत, "अवो नंदे, गोड कर काही. तुह्या नवऱ्याच्या डोस्क्यात उजेड पडला!" नंदाने शिरा केला. तो शिरा मी वाटी पुसून खाल्ला. त्याच वेळी सांगायचं होतं. ताटावर बसल्या बसल्या. नाही सांगितलं.

मग दुसरा डाव, तिसरा डाव. मी आंघोळीला जाताना मोबाइल टॉवेलात गुंडाळून न्यायचो. नळ सोडायचा, बादली भरेपर्यंत प्रोग्रामकडून उत्तर घ्यायचं, बाहेर येऊन डोकं पुसत पटाकडे बघून विचार करण्याचं सोंग करायचं. बादली भरायला जितका वेळ लागतो तितकाच वेळ मी त्याला द्यायचो. मला पुरायचा तो.

पावणेदोन वर्षं! आज लिहिताना माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही. तो मी होतो?

आणि एक तक्रार तुमच्याबद्दलही आहे, मामा. रागावू नका. तुम्हाला एकदाही शंका कशी आली नाही? सिग्नल स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही न करणारा माणूस तुम्ही! आयुष्यभर न जिंकलेला जावई एकाएकी रोज जिंकायला लागतो, तेही आंघोळ करून आला की! एकदा तरी दार वाजवायचंत. एकदा म्हणायचंत, "दाखवा पाहू तो मोबाइल." पण तुम्ही माझ्यावर संशय घेतला नाहीत. स्वतःवर घेतलात.

ते मला दिसत होतं. आधी तुम्ही म्हणायचात, "आज लक्ष नव्हतं." मग, "चष्म्याचा नंबर बदलला वाटते." मग काहीच म्हणेनासे झालात. गुरुवारी तुम्ही आपल्या झोटवाड्याहून सिटी बस धरून मालवीय नगरच्या बागेत जायचात, तिथल्या निवृत्त मंडळींशी खेळायला. ते तुम्हाला मास्टरजी म्हणायचे. तिकडून येताना एकदा तुम्ही दोन स्टॉप पुढे उतरलात. हसून सांगितलं होतंत, डोक्यात खेळी चालली होती. तीच गोष्ट नंतर नंदाने डॉक्टरांना वेगळ्या आवाजात सांगितली. एकदा दूध आणायचं विसरलात, तेही सांगितलं. आणि तुम्ही स्वतः काय सांगितलंत? "पटावर चुकाले लागलो, डॉक्टरसाहेब." डॉक्टर म्हणाले, "बाबूजी, उम्र है." तुम्ही मान डोलावलीत. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. खिशात मोबाइल होता.

आता त्या शेवटच्या सकाळबद्दल.

मी वंदना करत होतो तेव्हा तुम्ही खेळी करून, रजिस्टरवर सही करून बसला होतात. तुमच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जुनं हसू होतं. तुमच्या हत्तीने माझ्या राजापुढचं प्यादं मारलं होतं. सरळ माझ्या राजाच्या तोंडात! मी आंघोळीला गेलो. बादली भरली. प्रोग्राम म्हणाला, मारा हत्ती, तुम्ही जिंकलात.

मला तुमची दया आली, मामा. हे लिहायचीसुद्धा लाज वाटते, पण तसंच झालं. मी बाहेर आलो आणि मोठेपणा दाखवत म्हणालो, "मामा, ही खेळी मागे घ्या. हत्ती फुकट चाललाय."

"फुकट नाही. तुम्ही मारा त्याले. मंग मी राजा सरकवतो."

"राजा सरकवता? मामा, त्यात शहसुद्धा नाही! हत्ती गेला आणि तुम्ही राजा सरकवत बसणार?"

"जागा करून द्या लागते नं. दुसऱ्या हत्तीले तिथं याचं हाय. घाई नाही त्याले."

आज मला कळतं तुम्ही काय म्हणत होतात. राजा कोपऱ्यात गेला की त्याच्या घरात तुमचा दुसरा हत्ती येतो, आणि माझा राजा त्याच उभ्या ओळीत उघडा पडलेला. पळायला जागा नाही, सगळी घरं तुमच्या उंटाने धरलेली. मशीनला हे दिसायला पाऊण तास लागला! तुम्ही ते चहा पिता पिता बघितलं होतंत!

पण तेव्हा मी काय बोललो? मी म्हणालो, "मामा, नीट बघा जरा. हल्ली तुमच्या लक्षात येत नाही."

हल्ली तुमच्या लक्षात येत नाही. हेच माझे शब्द.

तुम्ही पटाकडे बघितलंत. किती वेळ बघितलंत! मला ऑफिसला उशीर होत होता. मग हसू गेलं. म्हणालात, "असंन बा. तुमाले दिसते आता. मले नाही." तुम्ही पेन उघडलंत, आपल्या खेळीवर रेघ मारलीत, खाली सही केलीत. इतक्या वर्षांचा तुमचा नियम, माझ्या एका वाक्यावर मोडलात. दुसरी खेळी केलीच नाहीत. मी संध्याकाळी आलो तेव्हा सोंगट्या डब्यात गेल्या होत्या.

त्याच आठवड्यात तुम्ही नंदाला म्हणालात, "माह्या गळ्यात नाव-पत्ता टाकून दे वो. बाहीर कुठी हारपलो तर लोकाइले कयलं पाह्यजे." नंदा रडली, आणि तिने दुकानातून प्लास्टिकचं कार्ड करून आणलं. हिंदीत तुमचं नाव, घरचा पत्ता, माझा नंबर. ज्या माणसाने हिरवी-लाल झेंडी दाखवून अख्ख्या गाड्या रवाना केल्या, त्याच्या गळ्यात हरवल्यास कळवा म्हणून पत्ता! तुम्ही घरातल्या घरातसुद्धा ते घालायचात. आंघोळीला जाताना खुंटीला लावायचात. मी त्याच खुंटीला टॉवेल लावत होतो, मामा.

बागेतल्या शर्माजींचा फोन आला होता, "मास्टरजी नहीं आ रहे?" मी सांगितलं, "अब उनसे होता नहीं." तुमच्या वतीने हे मीच ठरवून टाकलं होतं.

आणि हॉस्पिटलातले ते शेवटचे दोन दिवस! न्यूमोनिया, ताप, ऑक्सिजनची नळी. त्यातही तुम्ही तुमच्या सेक्शनवरची स्टेशनं म्हणत होतात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मधल्या हॉल्टसकट. नंदा म्हणाली, "बाबा बरळतायत." मीही तेच म्हणालो. मी रेल्वेतला माणूस! परवा आठवून आठवून ती यादी लिहून काढली आणि जुन्या वेळापत्रकाशी लावून बघितली. एकही स्टेशन मागेपुढे नव्हतं. ते बरळणं नव्हतं. मग मला तेव्हा का कळलं नाही? की कळून घ्यायचं नव्हतं?

हे सगळं माझ्यापुरतं असतं तर कदाचित मी मनातच ठेवलं असतं. माफी मागायला तुम्ही नाही, मग कोणाला सांगून काय उपयोग, असं स्वतःला समजावलं असतं. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. नंदा घाबरली आहे.

तुम्ही गेल्यापासून तिला वाटतं की बाबांचं ते आता आपल्याला होणार. रक्तातच आहे म्हणते. गॅस बंद केला का हे चार वेळा बघते. तळहातावर पेनाने कामं लिहिते. दिवाळीनंतर एकदा ऑफिसहून स्कूटरवर येताना वळण चुकली, भलत्याच रस्त्याने आली, आणि त्या दिवसापासून तिने स्कूटर सोडली. झोटवाडा ते मालवीय नगर, दोन बस बदलून जाते. मला एकदा म्हणाली, "मला पण कार्ड करून ठेवा हो आत्ताच. नंतर मला सांगायचंसुद्धा सुचणार नाही." सत्तेचाळिसाव्या वर्षी!

आणि तिची भीती खरी नाही हे जगात फक्त मला माहीत होतं.

तरी त्या रविवारनंतरही मी अकरा दिवस गप्प राहिलो. खोटं बोलणार नाही या शीलापाशी रोज जीभ अडखळायची. म्हणायचो, पण आवाज निघायचा नाही. भीती कसली होती ते सांगतो. ती मला सोडून जाईल याची नाही. ती माझ्याकडे बघेल याची.

बाराव्या दिवशी सकाळी ती पोळ्या करत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "नंदा, बाबांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं."

"मला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलू नका. पोळी करपेल माझी."

"मी त्यांना फसवत होतो. मोबाइलमध्ये बघून खेळत होतो. ते माझ्याशी हरत नव्हते, मशीनशी हरत होते."

तिचा हात लाटण्यावर थांबला. "किती दिवस?"

"जवळजवळ पावणेदोन वर्षं."

तिने तवा उतरवला. गॅस बंद केला. एकदाच, पुन्हा न बघता. मग माझ्याकडे वळली. "मी बाबांच्या गळ्यात पत्ता अडकवला. माझ्या हातानं. आणि तुम्ही बघत होता?"

"हो."

मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही. म्हणाली, "दाखवा. तो शेवटचा डाव दाखवा मला." फोटोपुढे पट मांडलेलाच होता. तिला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, तुम्ही शिकवायला बसलात की पळून जायची. तरी मी एकेक खेळी हलवून दाखवली. हत्ती दिला. राजा सरकवला. दुसरा हत्ती आला. मात होईपर्यंत.

तिने मात झालेल्या राजाला बोट लावलं. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी बाबा मशीनशी खेळत होते?"

"हो."

"आणि जिंकत होते?"

"हो."

"आणि तुम्ही त्यांना सांगितलंत की त्यांच्या लक्षात येत नाही."

मी सोंगट्या परत पहिल्या जागी लावायला लागलो.

ती उठली. पदराने डोळे पुसले, आणि मला वाटतं वीस वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी तुमच्या मुलीसारखी बोलली. "गावाकडे मी सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं, बाबांचं डोकं गेलं म्हणून. बागेतल्या लोकांना तुम्ही सांगितलंत. आता मला एकटीला सांगून सुटायचं नाही. पुढच्या रविवारी सगळे येतील. उभं राहून सांगायचं."

"नंदा, ऑफिसातले लोक असतील. भंतेजी असतील. प्रज्ञा असेल."

"असू देत. बाबांचीही लाज गेलीच ना सगळ्यांसमोर?"

प्रज्ञाला मात्र मी त्याच संध्याकाळी सांगितलं. लोकांमध्ये तिला पहिल्यांदा कळू नये, एवढं तरी. ती म्हणाली, "त्या दिवशी मी विचारलं होतं ना पप्पा, तेव्हा तरी सांगायचं." मग उठून गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नंदाही कामापुरतंच बोलते, अजूनही. ते मला मान्य आहे. पण गेल्या शुक्रवारी सकाळी खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. मी गॅलरीत धावलो. नंदा हेल्मेट घालून फाटकातून बाहेर पडत होती. वर बघितलं नाही. संध्याकाळी वेळेवर परत आली. तळहात कोरा होता.

काल रविवारी तुमचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. घर भरून माणसं होती. रेल्वेतली आपली सगळी कुटुंबं, ऑफिसातले लोक, निवृत्तीनंतर जयपूरजवळ चौमूंला राहायला आलेले तुमचे जुने सहकारी, बागेतले चार म्हातारे. वंदना झाली, भंतेजींनी प्रवचन केलं. मग म्हणाले, घरातल्या कोणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला. नंदाने माझ्याकडे बघितलं नाही. तिने फोटोपुढची एक उदबत्ती सरळ केली.

मी उभा राहिलो, मामा. मी म्हणालो, "मामांचं डोकं गेलं होतं असं तुम्हाला आमच्या घरातून कळलं होतं. ते खरं नाही. मी मोबाइलमधलं मशीन लपवून त्यांच्याशी खेळलो. मशीनमुळे ते हरले आणि त्यांना वाटलं आपली बुद्धी गेली. शेवटच्या डावात ते बरोबर होते, आणि मीच त्यांना चूक म्हणालो." हिंदीतून पुन्हा सांगितलं, बागेतल्या मंडळींसाठी. पहिल्यापेक्षा ते जास्त जड गेलं, कारण आता पुढचं वाक्य काय आहे ते मला माहीत होतं.

ऑफिसातल्या एकाने मान खाली घातली. तोच, ज्याने प्रोग्राम टाकून दिला होता. मग मागून शर्माजी काठी टेकत उठले. मला वाटलं, निघाले. ते सरळ तुमच्या फोटोपुढच्या पटापाशी येऊन बसले. चष्मा पुसला आणि म्हणाले, "आपसे तो बाद में बात करेंगे. पहले मास्टरजी की चाल दिखाइए."

मी त्यांच्यासमोर बसलो आणि तुमचा हत्ती उचलून माझ्या राजापुढच्या प्याद्यावर ठेवला. सगळ्यांच्या देखत.

मामा, माफी मागायला मला तोंड नाही, म्हणून मागत नाही. पण एक वचन देतो. ह्या घरात नंदा काही विसरली, प्रज्ञाची आई म्हणून, बायको म्हणून, उद्या म्हातारी म्हणून, तरी तिच्या डोक्याचा निवाडा मी कधी करणार नाही. आणि जे मी सांगितलं ते पुन्हा सांगायची वेळ आली, गावाकडे, तुमच्या लाइनवरच्या स्टेशनांत, कुठेही, तर तितकंच उभं राहून सांगेन. काल सांगून झालं आहे. आता मागे घेणार नाही.

तुमचा अपराधी जावई,
विलास